अर्ध्या दिवसाच्या राठोडबाई

गौरवग्रंथात पहिल्या भेटीची आठवण आदराने सांगावी, असा रिवाज आहे. माझी अडचण अशी की सुशीलाबाई राठोडांकडे मी पहिल्यांदा गेले ती भांडायला.

बोरी अरबजवळच्या त्यांच्या तांड्यावरच्या शाळेत पहिलीसाठी अर्धवेळ शिक्षिका हवी होती. सकाळचे तीन तास, थोडं मानधन. मी डी.एड. होऊन चार वर्षं घरच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, निंदण करत होते. ही जागा आपलीच, असं धरून बसले होते. शाळा समितीने ती दिली जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या राठोडबाईंना. माझं डोकंच फिरलं. तडक त्यांच्या अंगणात जाऊन म्हणाले, "बाई, तुमाले घरबसल्या पेन्शन भेटते. मंग आमची जागा कायले अडवून राह्यल्या?"

बाई तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी आधी मला पाणी दिलं. "खरं हाय तुयं," म्हणाल्या. "उद्या वर्ग तू घे. जमलं तं जागा तुयी."

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत पुढच्या मुलीला विचारलं, "पाटी आणली का?"

"कोनी."

"कोणी म्हणजे? तूच!"

"कोनी."

पोरगी टवाळकी करते असं वाटून मी आवाज चढवला, तशी ती रडायलाच लागली. मागे बसलेल्या बाईंनी उठून तिला जवळ घेतलं. "अवं, आमच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत कोनी म्हंजे नाही. ते पोरगी तुले नाही म्हणून राह्यली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळा सुटल्यावर बाईंनी माझ्या आदल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "पेन्शन झालेल्या कामाची हाय. हे राहून गेलेलं काम हाय. मी सोता याडीच्या, मायच्या बोलीत वाढली. अन् नोकरीत असताना पोरायले दटावलं, शायेत मराठीतच बोला म्हणून. किती पोरी मुक्या बसल्या, अन् मंग शाया सोडून गेल्या."

आपली चूक इतकी सरळ सांगणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. उतारवयात आराम करावा, यात गैर काहीच नाही. बाईंना मात्र त्या मुक्या पोरी स्वस्थ बसू देत नव्हत्या.

जागा बाईंकडेच राहिली, पण मग वर्षभर शाळा सुटली की त्या मला गोरबोली शिकवत. माझे उच्चार ऐकून पोरं पोट धरून हसत. मी उपाशीपोटी चालत येते हे कळलं, त्या दिवसापासून माझी दुपारची भाकरी त्यांच्याच चुलीवर झाली. वर्ष संपलं आणि त्यांनी समितीपुढे मला उभं केलं. "आता हे शिकवते. मले पेन्शन हाय, इले नाही." त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले आणि मनसोक्त रडले.

जागा सोडली, पण शाळा त्यांनी सोडली नाही. पंचाहत्तरीतही आठवड्यातले तीन दिवस मानधनाशिवाय येतात, नव्या पोरांजवळ बसतात. परवा त्यांचे गुडघे दुखताना पाहून मी म्हटलं, "बाई, लय झालं. आता घरी आराम करता का?"

बाई एका पोरीची पाटी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोनी."

सारा वर्ग हसला. बाईंना उदंड आयुष्य आणि धडधाकट गुडघे लाभोत, आणि आरामाचं विचारलं की हेच उत्तर आम्हांला वर्षानुवर्षं मिळत राहो. आता ते मला पहिल्या फटक्यात कळतं.