तिचं माहेरचं नाव

सुनंदाला विसरण्याचा आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला होता. भांडलो नाही, कारण भांडायला समोरचा ऐकतोय असं तरी वाटावं लागतं. सकाळची पूजा चालू होती, पण दात घासावेत तशी. बँकेच्या बदलीनं आम्ही कोलकात्यात आलो आणि निवृत्तीनंतर डमडमलाच राहिलो. सियालदहच्या बाजारात भाजीवाल्यांना फर्ड्या बंगालीत गप्प करणारी माझी बायको. तिचं बंगाली आधी गेलं, मग हिंदी. उरली मराठी, तीही दिवसेंदिवस अधिकच माहेरची, साताऱ्याकडची.

इथल्या मराठी मंडळींचा आमचा एक चालणाऱ्यांचा गट आहे. गेल्या वैशाखात सगळ्यांनी बांकुड्याकडच्या डोंगरांत दिवसभर पायी भटकायचं ठरवलं. आदल्या दिवशी तिथे मुक्काम, पहाटे चालायला सुरुवात आणि ऊन चढायच्या आत एखाद्या गावात विसावा. मी नको म्हणत होतो. पण कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चालणं विसरल्यात का त्या? मग आणा की!" आणि खरंच, सालवृक्षांच्या रानातून जाणारी तांबडी वाट दिसली तशी सुनंदा खुलली. पदर खोचून पुढे चालायला लागली. कित्येक महिन्यांनी मला माझी जुनी बायको दिसत होती. कोवळ्या पानांची सावली, लांबून येणारा मोहाच्या फुलांचा वास आणि पुढे तिची ती लगबग. मी मुद्दाम दोन पावलं मागे राहून बघत होतो.

डोंगर उतरून गावात शिरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. बायका तळ्याकाठच्या वडाखाली बसल्या, आम्ही पुरुष चहाच्या टपरीवर. आपल्याकडची जुनी खोड, कोलकात्यात आली तरी सुटली नाही. बायकांना वाटलं सुनंदा माझ्याजवळ आहे, मला वाटलं ती बायकांत आहे. डबे उघडले तेव्हा कळलं की ती कुठेच नाही.

तिच्याकडे पाणी नव्हतं, फोन नव्हता आणि गावात कोणाला कळेल अशी भाषा नव्हती. गावाबाहेर पुन्हा रान. तळंही समोरच होतं, त्याच्याकडे मला बघवेना. आम्ही गल्लीगल्लीत "सुनंदा! सुनंदाताई!" अशा हाका मारत फिरलो. चार लोकांत बायकोला नावानं हाक मारायची माझ्या पिढीला सवय नाही. मला माझाच आवाज परका वाटत होता. गावकरीही शोधायला लागले. कुठूनही ओ आली नाही.

शेवटी दमून मी एका लहानशा शिवमंदिराच्या पायरीवर बसलो. आत पिंडीवर मातीचं मडकं टांगलेलं होतं, त्यातून थेंब थेंब पाणी पडत होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात गळती लावतात, अगदी तशीच. इतक्या दिवसांचा अबोला तिथेच संपला. मागितलं काहीच नाही. नवससुद्धा सुचला नाही. एवढंच म्हणालो, "महादेवा, मला आता जमत नाही. तू बघ तिच्याकडे." आणि डोळे मिटून घेतले.

मिटल्या डोळ्यांसमोर तिचं माहेर आलं. मी तिला बघायला गेलो होतो तोही वैशाखच. घराला लागून महादेवाचं देऊळ होतं आणि तिथली गळती भरायचं काम तिचं. ओल्या परकराची एक मुलगी घागर घेऊन धावत होती आणि तिची आई ओसरीवरून हाका मारत होती, "इंदू! अगं इंदू, पाहुणे आले!" सुनंदा हे नाव मी ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं. त्याआधीची ती इंदू. ते नाव माझ्या ध्यानीमनीही उरलं नव्हतं.

मी उठलो आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली, "इंदू! अगं इंदू!"

देवळामागच्या कुडापलीकडून लगेच ओ आली. "आले, आले!"

मी धावत पलीकडे गेलो. तिथल्या घराच्या अंगणात तुळशीवरही तसंच मडकं टांगलेलं होतं आणि माझी बायको कळशीनं त्यात पाणी ओतत होती. शेजारी एक वयस्क बाई तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी. मला बघून सुनंदा म्हणाली, "थांबा, एवढी गळती भरते. देव तापला असेल." मी लहान पोरासारखा रडलो. त्या बाईंनी मला बत्तासा आणि पाणी दिलं. "बोशुन, आगे जॉल खान," म्हणाल्या, बसा, आधी पाणी प्या. मग त्यांनी सांगितलं की उन्हात एकटी भटकताना दिसली म्हणून तिला आत आणलं. नाव विचारलं तर ती म्हणाली, इंदू. आमच्या हाका त्यांनी ऐकल्या होत्या, पण कोणी दुसरीच सुनंदा हरवली असेल असं त्यांना वाटलं. मी त्यांच्या पाया पडलो. त्या संकोचून मागे सरल्या आणि देवळाकडे बोट दाखवून हसल्या.

तो चमत्कार होता का, हे मी कोणाला पटवायला जात नाही. त्या पायरीवर मी हात टेकले आणि मला ते नाव मिळालं, एवढंच मला माहीत आहे. सुनंदा बरी झालेली नाही. होणार नाही. पण आता मी तिला ओढून माझ्याकडे आणत नाही, ती जिथे असेल तिथे मी जातो. डमडमच्या देव्हाऱ्यात यंदा पिंडीवर छोटीशी गळती लावली आहे. ती रोज भरते आणि मी शेजारी बसतो. परवा तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि अदबीनं विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?"

"इंदूकडचा," मी म्हणालो.

ती लाजून हसली आणि पाण्याचा तांब्या तिनं माझ्या हातात दिला.