मागून रिकामी गाडी येऊन राह्यली

तुळशीरामभाऊ खरात सायकलवर बसले की लगेच पायडल मारत नसत. आधी मागे वळत, आम्हाला बोटाने मोजत, "शीटं भरली" असं स्वतःशीच पुटपुटत आणि मग हँडलला बांधलेली दोरी दोनदा ओढत. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एसटीत असते तसली खरीखुरी घंटा होती, चिखलीच्या एका भंगारवाल्याकडे घासाघीस करून मिळवलेली. टण टण झालं की निघायचं, नुसतं टण झालं की असू तिथे थांबायचं. रस्त्याकडेची म्हातारी माणसं ती घंटा ऐकून पिशव्या सावरत उभी राहायची आणि पोट सुटलेल्या प्रौढांची सायकलफेरी समोरून गेलेली बघून पुन्हा खाली बसायची.

भाऊंची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. ते निवृत्त झाले, पण त्यांच्यातला कंडक्टर काही निवृत्त झाला नाही. लग्नाच्या पंगतीत ते "आत सरका, आत लय जागा हाये" म्हणत लोकांना सरकवायचे. त्यांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य मात्र वेगळं होतं. नोकरीत असताना गाडी भरलेली असली, किंवा ती तशी असल्याचं त्यांच्या मनाने घेतलं, की फाट्यावर हात दाखवणाऱ्यांना ते दारातून सांगायचे, "मागून रिकामी गाडी येऊन राह्यली." मागे गाडी असो वा नसो. इतकं खोटं बोलवतं कसं, असं मी एकदा विचारलं, तर उलट माझ्यावरच चिडले.

"खोटं काऊन? मागून गाडी येतेच. आज नाही तं उद्या."

पुढे घरीही तेच चाललं. काकूंनी दळण आणायला सांगितलं की हे "मागून येऊन राह्यलो" म्हणायचे आणि सायकल काढून भलतीकडेच जायचे. काकू बिचाऱ्या दळण स्वतः आणायच्या आणि पीठ चाळता चाळता नवऱ्याचा उद्धार करायच्या.

आमच्या सायकलफेरीचं पाप माझंच. माझं चिखलीत औषधांचं दुकान आहे. साखरेच्या गोळ्या नेणारी आमच्या वयाची मंडळी काउंटरवर कोपरं टेकून तासतास गप्पा मारत. त्यांना हलवावं म्हणून मी रविवारी सायकल चालवायची टूम काढली. तिला बिअरची जोड दिली ती अशोक गवई वकिलांनी. त्यांची मुलगी संभाजीनगरला असते. तिने बापाला एकदा अशा ठिकाणी नेलं, जिथे बिअर तिथल्या तिथे, काचेपलीकडच्या टाक्यांमध्ये तयार होते. वकील परत आले ते नवा कायदा पास झाल्यासारखे. गव्हाची, आंब्याची, कॉफीची अशी बिअर असते आणि ती बाटलीतल्यासारखी मेलेली नसते, हे त्यांनी माझ्या दुकानात, खोकल्याच्या औषधांसमोर उभं राहून सगळ्यांना ऐकवलं. साखर आणि बिअर यांचं गणित कृपा करून मला विचारू नका. मी फक्त गोळ्या विकतो.

मग महिन्यातून एकदा आमचा बेत ठरू लागला. सायकली पिकअपमध्ये घालायच्या, देऊळगाव राजा, जालना करत संभाजीनगर गाठायचं, शहराच्या कडेला सायकली उतरवायच्या, दिवसभर या ठिकाणाहून त्या ठिकाणी हिंडायचं आणि संध्याकाळी पुन्हा पिकअपमध्ये बसून घरी यायचं. जाताना देऊळगावला बालाजीचं दर्शन ठरलेलं. दर्शन मनापासून घेत होतो, पण घरी दाखवायला प्रसाद लागतो हेही खरं. माझी बायको तो प्रसाद डोळ्यांना लावायची आणि मग माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघायची.

भाऊंनी पहिल्यांदा त्या चकचकीत टाक्या बघितल्या तेव्हा म्हणाले, "हे तं डेपोतले डिझेलचे टँकर हायेत." गव्हाच्या बिअरचा पहिला घोट घेऊन त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. मग निकाल दिला, "ताक हाये. जरा रागावलेलं." त्यानंतर त्यांनी सगळा कारभार हातात घेतला. माणशी एकच ग्लास, ते फुल तिकीट. चव बघायला देतात तो बुटका ग्लास म्हणजे हाफ तिकीट. ज्याने दुसरा ग्लास घेतला त्याची सायकल तिथेच पिकअपमध्ये चढायची आणि तो माणूस ड्रायव्हरशेजारी बसायचा. याला ते वस्तीची गाडी म्हणत, कारण मुक्कामाच्या एसटीसारखी ती सायकल त्या दिवशी पुढे जायची नाही. गवई वकील बरेचदा वस्तीला असायचे.

बिअर कशी आहे यावर भाऊंचा विश्वास नव्हता. सायकलला कसं वागवतात त्यावरून ते जागा ठरवत. डोंगराच्या पायथ्याशी एक ठिकाण होतं, तिथे कडुलिंबाखाली सायकलींसाठी लोखंडी स्टँड होता, हवा भरायचा पंप होता आणि हातपाय धुवायला नळ. तो भाऊंच्या लेखी अधिकृत थांबा. दुसरं एका मोठ्या इमारतीच्या गच्चीवर होतं. तिथे सायकल तळघरात ठेवून लिफ्टने वर जावं लागे, म्हणून तो विनंती थांबा. "फलाट लय लांब हाये," अशी त्यांची तक्रार असायची. तळघरात सायकल एकटी पडते याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं, मी बघितलंय.

आणि तिसरं ठिकाण होतं जालना रोडला. मोठी बाग, कारंजं, आणि आंब्याची बिअर म्हणे तिथल्यासारखी कुठेच नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तर फाटकावरच्या सुपरवायझरने हात आडवा केला. पन्नाशीकडे झुकलेला, मिशा कोरलेला, कडक गणवेशातला माणूस. त्याने आम्हा बाकीच्यांकडे बघितलंसुद्धा नाही. भाऊंकडे बघून म्हणाला, सायकलला जागा नाही. आत एवढं मोकळं मैदान दिसत होतं की त्यात आमच्या चिखलीचा आठवडी बाजार बसला असता.

भाऊ परत फिरले, पण गोष्ट त्यांनी मनाला लावून घेतली. त्याला कारणही होतं. त्यांचे दोन्ही गुडघे झिजले होते. दिवाळीनंतर ऑपरेशन आणि मग सायकल कायमची बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी त्या फाटकातून सायकलवर बसून आत जायचं, एवढाच त्यांचा हट्ट उरला होता. "एक थांबा राह्यला बे," ते मला म्हणाले. "तो झाला का गुडघे न्या म्हणा, काय करायचं ते करा."

दुसऱ्या खेपेला आम्ही वकिलांना पुढे केलं. वकिलांनी सार्वजनिक जागा, समान वागणूक, सायकल हेही वाहनच, असा मुद्देसूद युक्तिवाद केला. सुपरवायझर तो शांतपणे ऐकत होता. तेवढ्यात शहरातली दोन पोरं भारी सायकलींवर आली आणि त्याने सलाम ठोकून त्यांना आत सोडलं. वकिलांनी ते बोट करून दाखवलं, तर हा गालात हसला आणि पुन्हा भाऊंकडेच वळून म्हणाला, "इथं जागा नाही. मागून रिकामं हॉटेल येऊन राह्यलं, त्याच्यात जा."

ते ऐकून भाऊंनी सायकल वळवली. परतीच्या वाटेत जालना आलं तरी ते तेच वाक्य पुटपुटत होते. आपलंच वाक्य आपल्यालाच कोणी ऐकवलं, आणि तेही आपल्याच बोलीत, याचा त्यांना उलगडा होत नव्हता.

तिसऱ्या खेपेला त्यांनी डाव टाकला. तिथे मोटारवाल्यांची किल्ली घेऊन गाडी लावून द्यायची सोय होती. भाऊंनी आम्हाला मोटारींच्या रांगेत उभं केलं, दोन सायकलींमध्ये एका मोटारीएवढं अंतर ठेवून. पाळी आली तशी त्यांनी कुलपाची किल्ली त्या गाडी लावणाऱ्याच्या हातात ठेवली आणि टोकन मागितलं. तो गोंधळून भाऊंच्या उंच दांड्याच्या सायकलवर चढला आणि चार हात जाऊन मेंदीच्या कुंपणात शिरला. मागे मोटारींचे हॉर्न सुरू झाले. भाऊ मागे वळून मोटारवाल्यांना सांगत होते, "जरा दम धरा, शीट चढून राह्यलं."

शेवटी सुपरवायझर आला. त्याने कुंपणातली सायकल काढली, नीट उभी केली, सीटवरची पानं झटकली आणि भाऊंना विचारलं, "मले ओळखलं नाही ना?"

भाऊंनी मान हलवली.

"जानेफळचा किसन म्हस्के. चिखलीहून नवी सायकल घेऊन तुमच्या गाडीपाशी आलतो. तुम्ही म्हणले, टपावर जागा नाही, मागून रिकामी गाडी येऊन राह्यली. अन् डबल बेल मारली."

"मग?"

"मग काय. ते गाडी अजून नाही आली, भाऊ."

आम्ही हसू दाबत होतो. भाऊ अवघडून म्हणाले, "अबे, पण नवी सायकल होती ना हातात. चालवत जाचं होतं."

"चालवता येत नव्हती," किसन म्हणाला. "हातात धरून पायी नेली. रस्त्यानं सारे इचारत, पंक्चर झाली का. मी म्हणो, हाव."

आता मात्र वकील फुटले आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे. एक मोटारवाला काच खाली करून ऐकत होता, तोही हसला. भाऊ एकटेच हसले नाहीत. त्यांनी सायकलच्या हँडलवर हात ठेवला, खाली बघितलं आणि जन्मात कोणाला सांगितलं नसेल ते सांगितलं.

"टप रिकामा होता, किसन. माही पँट इस्त्रीची होती. शिडी चढाचा कंटाळा आला मले."

किसनने भाऊंच्या पँटकडे बघितलं. इतकी वर्षं त्याने या माणसाला काय काय सुनावायचं ठरवलं असेल, पण इस्त्रीच्या पँटवर काय बोलणार? भाऊंनी खिशातून पान्हा काढला, वाकून गुडघ्यांना शिव्या देत हँडलवरची घंटा सोडवली आणि दोरीसकट त्याच्या हातात दिली.

"आता इथला कंडक्टर तू. तू दोन मारल्याशिवाय आमची गाडी आत जात नाही."

किसनने घंटा हातात तोलली. फाटकाच्या खांबाला बांधली. मग आम्हाला उन्हात बराच वेळ तसंच उभं ठेवलं, मजेत, घाम पुसत, मोटारी एकेक करून आत सोडत. भाऊ तक्रार न करता सायकलवर एक पाय टेकून उभे होते. अखेर त्याने आम्हाला बोटाने मोजलं आणि दोरी दोनदा ओढली. भाऊ फाटकातून आत गेले ते मान ताठ करून, झिजलेले गुडघे वरखाली करत. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. आंब्याची बिअर मात्र अगदीच साधी निघाली. भाऊ म्हणाले, "हे तं पन्हं हाये, नोकरीवरून काढलेलं."

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. गुडघे नवे आले, सायकल गेली. तरी भाऊ पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून येतच राहिले आणि निघताना दाराच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायचे. जालना रोडला किसन त्यांच्यासाठी खुर्ची काढून ठेवायचा. दोघं फाटकाशी बसून कुठल्या फाट्यावर कोणाला कसं सोडून दिलं होतं ते उगाळायचे, आणि आम्ही आत बिअर घेत असायचो. त्या दोघांना बिअरची गरजच पडत नसे.

गेल्या थंडीत, एका सकाळी, भाऊ झोपेतून उठलेच नाहीत. काकू मला म्हणाल्या, मी दळणाचं विचारायला गेले तर हे "मागून येऊन राह्यलो" म्हणालेच नाहीत, तेव्हाच समजले. मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि काकूंसमोर दोन्ही आवरता आलं नाही.

पुढचा महिना आम्ही गेलो नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात काकूंनीच दुकानात येऊन विचारलं, बालाजीचा प्रसाद बंद केला का. मग निघालो. पत्र्यावर थाप मारायला कोणी नव्हतं, म्हणून पिकअप बराच वेळ तशीच उभी होती. कोणी पुढे होईना, तेव्हा ड्रायव्हरने स्वतःच गाडी हलवली.

जालना रोडच्या फाटकावर किसन खुर्ची काढून उभा होता. त्याला कोणी कळवलं नव्हतं. नंबर माझ्याकडे होता, मला ते जमलंच नाही. त्याने सवयीने आम्हाला मोजलं, पिकअपमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाला, "एक शीट कमी हाये. भाऊ कुठं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सांगायला तोंड उघडलं. भलतंच बाहेर पडलं.

"मागून येऊन राह्यले."

त्या वाक्याचा अर्थ किसनइतका कोणाला ठाऊक होता! त्याने डोक्यावरची टोपी काढून खुर्चीवर ठेवली, दोरी हातात घेतली आणि एकदाच ओढली. आम्ही सगळे आहोत तिथे थांबलो. मागे मोटारी येऊन उभ्या राहिल्या, पण त्या दिवशी कोणी हॉर्न वाजवला नाही. किसन जालन्याकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले आणि डबल बेल मारली.