कळलावीचा रंग

उजव्या डोळ्याचा पडदा जवळजवळ निकामी झालाय आणि डाव्यालाही सुरुवात आहे, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ह्यांनी एकच विचारलं, फोटो बघता येतील असे किती महिने धरायचे? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. आम्ही बसने देवपूरला घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून घरात घाई शिरली.

हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पावसाळ्यातला एकही रविवार साक्रीकडच्या डोंगरांत गेल्याशिवाय सोडला नाही. रानफुलं, गवतं, वेली, सगळं रॉ फोटोंमध्ये टिपलेलं. रॉ म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसलं ते कच्चंच साठवलेलं, त्यामुळे उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. जुनं सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेलं होतं. फोल्डरांवर नुसत्या तारखा. त्यातून चांगले निवडायचे, बाकीचे काढायचे, प्रत्येकाला झाडाचं नाव द्यायचं, आणि हे सगळं दिसतंय तोवर.

जळगावात मेहरूणला राहणाऱ्या आमच्या मुलीने तीन सॉफ्टवेअरं सुचवली. मी ऑफिसात नोकरी केलेली, म्हणून की-बोर्ड माझ्याकडे आला.

पहिलं सॉफ्टवेअर म्हणालं, आधी सगळे फोटो माझ्यात भरा. दोन दिवस ती हिरवी पट्टी सरकत राहिली. हे ओट्यावर येरझाऱ्या घालत आणि दर दहा मिनिटांनी आत डोकावत, झालं का? मी ते काढून टाकलं. दुसरं चपळ होतं, पण त्यातली अक्षरं इतकी बारीक की मलाच चष्मा पुसावा लागे. तिसऱ्यात बाणाचं बटण दाबलं की पडदाभर फोटो. हेच ठेवू, असं ठरलं.

चार दिवस आम्ही त्यावर बसलो. पहिल्या दिवशी हे नावं सांगत होते, कुठल्या टेकडीवर, कोणत्या ओढ्याकाठी. दुसऱ्या दिवसापासून बोलणं कमी झालं. फोटो आला की क्षणभर बघत आणि मान वळवून म्हणत, पुढे. मग ‘काढून टाक’ वाढलं. फोटो मला चांगले वाटत होते, पण जाणकार ते. मी लाल खूण करत गेले. त्या सॉफ्टवेअरवर अजून विश्वास नव्हता, म्हणून खरोखर पुसलं मात्र काही नाही.

चौथ्या दिवशी कळलावी आली. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल, ह्यांचा सगळ्यात लाडका फोटो. हे म्हणाले, काढून टाक. मी खूण केली नाही. का म्हणून विचारलं. तेव्हा ते आपल्या गावाकडच्या बोलीत, जी ते घरात सहसा बोलत नाहीत, म्हणाले, "माले बठ्ठं फिकं दिखस. सगळंच फिकं. आधी रंग येतो आणि डोळ्यांदेखत जातो."

मी मागचा फोटो लावला, पुन्हा कळलावी लावली. लालभडक फूल आलं आणि श्वासभरात विटलं, जुन्या लुगड्यासारखं.

"अहो, मलाही तसंच दिसतंय," मी म्हटलं.

"उगाच समजूत घालू नकोस."

"समजूत नाही. आधी लाल, मग विटकं. दर वेळी."

मुलीला फोन लावला. तिने सांगितलं, रॉ फोटोच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला तयार फोटो असतो, सॉफ्टवेअर आधी तो दाखवतं आणि मग स्वतःच्या पद्धतीने कच्चा उघडतं. सेटिंगमधली एक खूण काढली की पहिलाच फोटो पडद्यावर राहतो. मी खूण काढली. कळलावी लाल राहिली.

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी संतापले. चार दिवस हा माणूस माझ्या शेजारी बसून एकट्याने आंधळा होत होता आणि मी बाणाचं बटण दाबत होते. तसं मी बोललेही. ते म्हणाले, तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं.

लाल खुणांचे सगळे फोटो आम्ही पुन्हा पाहिले. सॉफ्टवेअर तेच ठेवलं. डावा डोळा तेव्हापासून आणखी उतरलाय, आणि तो काही खुणेने परत येणार नाही. आता ते आधी मला विचारतात, तुला कसं दिसतंय? मी पाकळ्या मोजते, पानं समोरासमोर आहेत की आलटून पालटून ते सांगते, आणि ते नाव सांगतात. फोल्डर अजून खूप उरलेत. अकराच्या सुमाराला त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागतं, पण ते कबूल करत नाहीत. मग मीच चहाचं निमित्त काढून उठते.