ओडनीचा दोर

ओडनीला गावात येडी म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांत पहिली मी. जन्मभर मासळीच्या कारखान्यात कॉड साफ करून बोटं बधिर झालेली बाई. पण सुट्टी झाली की धक्क्यावर पालथी पडून पाण्यात बघत राहायची. कशासाठी? तर बिनकवचाच्या समुद्री गोगलगायींसाठी! जेमतेम नखाएवढ्या, पाठीवर रंगीत झुपके.

"धक्क्यावरून पाण्यात सोडलेल्या दोरांवर हे केसाळ जीव वाढतात ना, ते डंख मारतात," ती मला सांगायची. "या त्यांना खातात आणि त्यांचेच डंख आपल्या पाठीवर बाळगतात."

"चोरट्या मेल्या!" मी म्हणायचे. ती खो खो हसायची.

सतरा मे हा आमचा झेंड्याचा दिवस. त्याआधी धक्का लख्ख करायचा, दोर वर ओढून खरवडायचे, उन्हात टाकायचे, हा गावाचा शिरस्ता. उत्तरेकडचा एक दोर मात्र ओडनीचा. धक्क्याचं काम बघणारा तिचा धाकटा भाऊ सिगवाल्ड. अंडी फुटेपर्यंत त्या दोराला हात लावणार नाही, असा शब्द त्याने तिला दिला होता. सव्वीस वर्षं पाळलाही.

यंदा त्या दोरावर एक दुधासारखी पांढरी गोगलगाय आली. अकरा वर्षांनी! तिने अंड्यांची नागमोडी फीत घातली.

"अंडी घातली की या मरतात गं," ओडनी म्हणाली. "आता जे काही आहे ते या फितीत." रोज सकाळी जाऊन बघून यायची, बाळंतिणीची आई असल्यासारखी.

सोळा तारखेला ती डोळे तपासायला शहरात गेली. परतली तेव्हा दोर कठड्यावर वाळत होता.

"बघ ताई, अगदी नव्यासारखा!" सिगवाल्ड म्हणाला. "दरवर्षी लोक दात काढतात, ऐकून मलाच घ्यावं लागतं."

"शब्द दिला होतास ना रे?"

"गोगलगायींसाठी?"

तिने दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. बोटाला काहीच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेर बँड वाजत होता. मी नेहमीसारखी तिच्याकडे कॉफीला गेले आणि सिगवाल्डचा यथेच्छ उद्धार केला. "सख्खा भाऊ असून केसाने गळा कापला गं तुझा!"

ओडनीने कॉफी ओतली, एकाच कपात. तो स्वतःकडे ओढला. मग दोर घासायचा ब्रश माझ्यापुढे ठेवला. मुठीवर माझं नाव कोरलेलं होतं.

"धक्क्यावर पडला होता," ती म्हणाली. "देताना कशाला हवाय, हे विचारलंस का त्याला?"

विचारलं होतं. आणि त्याने खरं तेच सांगितलं होतं.