नामदेवमामांनी दाखवलेली जागा

सव्वा महिना झाला. सोलापुरात ऑफिसात दुपारचा डबा उघडून बसलो होतो. भाकरीवर शेंगाचटणी घेतली, तेवढ्यात मामेभावाचा, दत्ताचा फोन आला. "दादा, आण्णा गेलं. सकाळी लाँच धुवायला गेलं हुतं, तितंच काठाला बसलं… बसल्याजागी." आण्णा म्हणजे दत्ताचे वडील, माझे नामदेवमामा, आईचे धाकटे भाऊ. करमाळ्याच्या अंगाला, धरणामुळे भीमेचं पाणी मागं पसरलेलं आहे त्या फुगवट्यावर चाळीस वर्षं माणसं अलीकडून पलीकडे नेणारा माणूस. असा मामा गेल्यावर भाच्याच्या डोळ्यात पाणी यायला हवं. मला आधी हायसं वाटलं. एक गोष्ट फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे, आता ती बाहेर यायची नाही, असा विचार दुःखाच्या आधी मनात येऊन गेला. इतका मी थोर भाचा! ती गोष्ट सांगण्यासाठीच हे लिहितो आहे, नाहीतर मामांबद्दल गोड लिहिण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

आठवीपासून दहावीपर्यंत मी मामांकडे होतो. शाळा पलीकडच्या काठाला, त्यामुळे रोज त्यांच्याच होडीतून जाणं-येणं. त्या वेळी होडी वल्ह्याची होती, इंजिनाची लाँच नंतर आली. धरण झालं तेव्हा मामा ऐन विशीत होते, आणि पाण्याखाली गेलेलं जुनं गाव त्यांना घरासारखं पाठ होतं. वल्हं मारता मारता सांगायचे, "आता आपन चावडीवरनं चाललोय बघ. ही आली शाळंची भित." त्यांची एक पद्धत होती. पाणी जसं खाली जाईल तसा ते एक उंच बांबू नव्या काठाला रोवायचे आणि त्याच्या टोकाला मामींच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचे. चिंधी दिसेल तिथं होडी लागणार, हे दोन्ही काठांना माहीत. बाजाराला निघालेली बाई असो की नवरदेव, लांबून चिंधी बघायची आणि तिकडं चालू लागायचं. बांबू चुकला असं कधी झालं नाही. "पानी सरकलं की आपन सरकायचं," मामा म्हणायचे, "त्याला काय शानपना दावायचा?"

पुढे मी सरकारी बांधकाम खात्यात लागलो, सोलापूरकर झालो. तीन वर्षांपूर्वी आमच्या खात्यानं मामांच्या काठावर नवं प्रवासी टर्मिनल बांधायचं ठरवलं. पक्का धक्का, प्रतीक्षालय, तिकीट खिडकी, शौचालय, सगळं. गावचाच म्हणून काम माझ्याकडे आलं आणि मी आठवडाभर छाती काढून फिरलो. साहेब लोक पाहणीला आले ते दिवाळी झाल्या झाल्या, धरण काठोकाठ भरलेलं असताना. त्यांना रस्त्यालगतची जागा पसंत पडली. गाडी थेट दारात येते, उद्घाटनाच्या मांडवाला मैदान आहे. मामांनी मला बाजूला घेतलं. "आरं, उन्हाळ्यात हितं निस्ता चिखल आसतोय. तितं बाभळीपशी बघ, काठ उभा हाय, मे म्हैन्यात बी छातीइतकं पानी." मला हे सांगायची गरजच नव्हती. तीन उन्हाळे मी त्याच चिखलातून दप्तर डोक्यावर घेऊन चाललो होतो. पण बाभळीपर्यंत रस्ता न्यायचा म्हणजे फाईल परत फिरणार, वर्ष जाणार, आणि साहेबांसमोर तोंड उघडायचं मला धाडस झालं नाही. अहवालात स्थानिक जाणकाराचा अभिप्राय लागतो. मी लिहिलं, "सदर जागा स्थानिक नावाडी यांनी दाखविल्याप्रमाणे असून बारमाही योग्य आहे." आणि कागद मामांपुढे धरला.

"चष्मा घरी हाय. काय लिवलंय?"

"काही नाही, तुम्ही हजर होता एवढंच."

मामांनी ओले हात धोतराला पुसले, माझ्याकडे जरा वेळ बघितलं, म्हणाले, "तू हायस की," आणि सुटी सुटी अक्षरं काढत सही केली.

उद्घाटन पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास झालं. पुन्हा धरण भरलेलं. हलग्या, झेंडूच्या माळा, फुगे, नव्या लाँचला हळदीकुंकू. पाणी धक्क्याच्या पायरीला लागून असं हलत होतं की बघणाऱ्याला वाटावं, हे इथून कुठं जाणारच नाही. मी व्यासपीठाच्या कडेला शाली-नारळांचं ताट धरून उभा होतो. पाहुण्यांनी माझ्याच टिपणावरून वाचलं, "ज्या अनुभवी नावाड्यानं ही जागा आम्हाला दाखवली, त्या नामदेवरावांचा सत्कार…" टाळ्या पडल्या. मामा खुर्चीतून अर्धे उठले होते, ते तसेच थांबले. त्यांनी गर्दीत मला शोधलं. माईक त्यांच्यापासून दोन पावलांवर होता. एक वाक्य बोलले असते तर माझी नोकरी तिथंच संपली असती. मामांनी मान खाली घातली, शाल अंगावर घालू दिली, आणि खाली उतरताना नारळ माझ्या हातात दिला. "धर जरा हे. हात कापायलेत माजं."

मार्च उजाडला आणि पाणी हटलं. धक्का भेगाळलेल्या चिखलात उभा राहिला, प्रतीक्षालयाच्या सावलीला शेळ्या बसू लागल्या. लोक पुन्हा बाभळीजवळच्या चिंधीकडं जाऊ लागले, पण आता जाता जाता बोलू लागले. "मामा, तुमचा धक्का शेरडास्नी लई आवडला की." हॉटेलात चहा पिता पिता म्हणू लागले, चाळीस वर्षं पाण्यात काढली आणि शालीपायी जागा अशी दावली. मामा हसायचे म्हणे. एकदा दत्तानं मला फोनवर विचारलं, "आण्णानं आसं कसं केलं वो दादा?"

मी म्हणालो, "वय झालंय रे त्यांचं."

सही घेतली त्याची लाज वाटतेच, पण त्या वाक्याची जास्त वाटते. सही घेताना मी घाबरलेला होतो. हे वाक्य मात्र मी आरामात, घरी पंख्याखाली बसून बोललो. त्यानंतर गावाकडं जाणं कमी केलं. गेलो तर मामा आईच्या गुडघ्याची चौकशी करायचे, मामींना चहा टाकायला सांगायचे. धक्क्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही, आणि मी तो निघू दिला नाही.

तेराव्याला पंगती उठल्यावर मामींनी मला आत बोलावलं. त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. सही करून आलं तवाच सांगितलं त्यांनी. चष्मा न्हवता, पर पोराचं डोळं दिसत हुतं म्हनालं. कुनाला बोलू नगं, त्याची नोकरी हाय."

"मग त्यांनी सही का केली मामी?"

"ते तू त्यास्नी इचारायचं हुतंस." एवढं बोलून त्यांनी पुढची परात पुसायला घेतली.

मी उठून थेट काठावर गेलो. ऐन मे, दुपार कलती. बाभळीजवळ बांबू मामांनी रोवला होता तसाच उभा, टोकाला हिरव्या लुगड्याची चिंधी. खाली छातीइतकं पाणी. दत्ता लाँचचा दोर सोडत होता. आत गावातली सात-आठ माणसं बसलेली, त्यांत हॉटेलात बोलणारेही असणार. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आण्णांनी हीच जागा दाखवली होती. धक्क्याची जागा त्यांची नाही. ते कागदावर मी लिहिलं आणि वाचून न दाखवता त्यांची सही घेतली." एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. दत्तानं हातातला दोर गुंडाळून आत टाकला. "हे आण्णा असताना बोलायचं हुतं दादा," म्हणाला, आणि त्यानं लाँच सुरू केली. मला चढायला हात दिला नाही. मीही मागितला नाही.

खात्याला मी तेच लिहून दिलं आहे. नोकरीची अजून दोन वर्षं आहेत, काय व्हायचं ते होईल. यात शौर्य काही नाही. ज्यांचं नाव जपायचं होतं ते ऐकायला उरलेले नाहीत.

लाँच पार पलीकडे जाईपर्यंत मी तिथंच उभा होतो. वाऱ्यानं चिंधीची गाठ सैल झाली होती, सुटली असती तर उद्याच्या माणसांना जागा कळली नसती. बांबू वाकवून ती घट्ट करायला गेलो… आणि माझे हात कापायला लागले.