दाविदबुवांची ट्रंक

दाविद गेल्याची बातमी मला घोटीकडच्या सखारामने आणून दिली. मी शाळेत सहावीच्या वर्गावर होतो. चपला व्हरांड्याखाली काढून तो दारात उभा राहिला, टोपी हातात, अंगावरून पाणी निथळत होतं. "मास्तर, बुवा गेलं," तो म्हणाला. "धा दिस ताप उतरलाच नाय. काल दुपारी गेलं. माती बी उरकली... पावसानं थांबता आलं नाय." मी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही. भिंतीकडे तोंड करून रडत राहिला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मी मेलो तर इतक्या लांबून, भर पावसात, असा रडत कोण येईल? गेलेल्या माणसाचा हेवा करणारा माणूस वाचकांनी पाहिला नसेल, तर तो हा लेख लिहितो आहे.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. दाविदबुवांवर चार शब्द लिहा, तुम्ही त्यांचे बालमित्र, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. चार गोड शब्द लिहून मोकळं होणं सोपं होतं. पण दाविद जिवंत असताना मी त्याच्याबद्दल गोड असं फारसं बोललो नाही, आणि आता तेवढंच बोललो तर त्याची बायको सगुणाबाई तो कागद चुलीत घालील. तेव्हा जसं घडलं तसंच सांगतो.

आम्ही दोघे नाशिकात, शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीत एका ओळीतल्या घरांत वाढलो. रविवारच्या शाळेत आमची एक शर्यत असे. पाळकसाहेब शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, अध्याय आणि वचन पुकारायचे, आणि जो आधी पान काढून वाचील त्याला रंगीत चित्राचं कार्ड मिळायचं. कार्ड बहुधा मलाच मिळे. दाविद पानं उलटता उलटता मध्येच कुठेतरी अडकायचा. एकदा नहेम्याचं पुस्तक शोधायला सांगितलं, तर हा वाटेत रूथच्या पुस्तकापाशीच थांबला आणि शर्यत चालू असताना विचारतो, "पाळकसाहेब, नवरा मेला, मूल नाही, मग ही बाई सासूला सोडून जात का नाही हो?" सगळे हसले. पाळकसाहेबांनी हातातलं काम बाजूला ठेवून तासभर रूथची गोष्ट सांगितली. त्या दिवशीचं कार्ड माझ्याकडे अजून आहे. पण ते कोणाला मिळालं होतं हे आमच्या आळीत विचारा, एकालाही सांगता येणार नाही. रूथची गोष्ट मात्र सगळ्यांना आठवते.

मॅट्रिक मी पहिल्या झटक्यात झालो, तो दुसऱ्या. पुढे मी शाळेत लागलो आणि तो उपदेशक म्हणून खेड्यांतून फिरू लागला. व्याख्यानाला खेड्यात कोण बसतो? म्हणून त्याने कीर्तन उचललं. खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या, आणि आख्यान शास्त्रातलं. त्याला पेटीवाला लागे, आणि पेटी मला येत होती, हे माझं दुर्दैव. सूर मी धरायचा आणि माना त्याच्या गाण्याला डोलायच्या. त्याची एक वाईट खोड होती. ऐन रंगात आला की तो थांबायचा, माझ्याकडे वळून म्हणायचा, "काय पंडित, बरोबर?" मी मान हलवली की मगच पुढे. लोकांना मोठी गंमत वाटे. मला वाटे, हा चारचौघांत माझी टिंगल करतो.

काळारामाच्या सत्याग्रहाने शहर तापलेलं होतं त्या सुमाराची गोष्ट. मिशनच्या साहेबांनी जाहीर केलं की नाशिकच्या एका तरुणाला शास्त्राच्या पदवीसाठी बंगालातल्या कॉलेजात पाठवायचं. चार वर्षं हिब्रू, ग्रीक, सगळं. आमच्या वस्तीत तोवर कोणी अशी पदवी पाहिलीही नव्हती. मी तर ते ऐकल्यापासून जेवणावर वासना नसल्यासारखा झालो. ही पदवी माझ्यासाठीच निघाली आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. कापणीच्या सणाच्या रविवारी, वेदीपुढे भाताच्या लोंब्या आणि भोपळे मांडलेले असताना, साहेबांनी निवडीसाठी आम्हा दोघांना बोलायला लावलं. मी तीन आठवडे घासून तयार केलेलं प्रवचन वाचलं. दाविदने याकोब आणि एसावाचं आख्यान लावलं; भुकेल्या थोरल्या एसावाने ताटभर वरणासाठी आपला वडीलपणाचा हक्क धाकट्या याकोबाला देऊन टाकला, ती गोष्ट. पेटीवर मीच होतो. चार दिवसांनी निकाल कळला. दाविद.

पण तो हो म्हणेना. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी एका संध्याकाळी मला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, घेऊन गेला. आम्ही पायरीवर बसलो. "शांतवन, तू सांग," तो म्हणाला. "जावंसं फार वाटतं रे. इतकं वाटतं की भीती वाटते. तिकडून पदवी घेऊन आलो की मला इथं मोठ्या चर्चमध्ये उभा करतील. घोटीकडची माणसं माझी वाट बघतील आणि मी येणार नाही... तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते माझ्या तोंडात आलेलं पाणी सांगत होतं. पण मी फार शांतपणे बोललो. म्हटलं, "जाऊ नकोस. चार वर्षं पुस्तकात घातलीस की तुझं कीर्तन मरेल. देवाने तुला गळा दिला आहे, तो हिब्रूत बुडवू नकोस. पदवी आमच्यासारख्या कोरड्या माणसांना." यातलं प्रत्येक वाक्य कोणीही खरं मानावं असं होतं. सल्ला खोटा असता तर एखादे वेळी तो फसला नसता. त्याने पायरीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर नाही जात." साहेबांना नकार इंग्रजीत कळवायला हवा होता आणि त्याचं इंग्रजी बेताचं. पत्र मी लिहून दिलं. त्या पत्राइतकं सुरेख इंग्रजी मी पुढे पदवीच्या परीक्षेतही लिहिलं नाही. त्याने खाली सही केली आणि टाकायलाही मीच गेलो, पाऊण मैल चालत, न जाणो त्याचं मन फिरलं तर...

साहेबांनी मला बोलावलं ते दुसऱ्याच आठवड्यात.

निघायच्या आदल्या दिवशी दाविद पत्र्याची एक ट्रंक डोक्यावर घेऊन आला. "माझ्याकडं पडून आहे. वापर," म्हणाला. ट्रंक हिरवी, कोरी करकरीत, फक्त झाकणावर हातभर लांब काळ्या रंगाचा पट्टा फासलेला. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, "गंज धरला होता, म्हणून रंग मारला." नव्या ट्रंकेला गंज कसा धरला, हे मी विचारलं नाही. मी तेव्हा फार आनंदात होतो.

कॉलेजात मी जीव तोडून अभ्यास केला. पण सुट्टीत घरी आलो की दुसऱ्या दिवशी हा दारात हजर. "काय काय शिकलास, सांग." मी ऐटीत सांगायचो, तो जमिनीवर बसून ऐकायचा. एकदा त्याला सांगितलं की मूळ हिब्रूत एसाव वरण असं म्हणतच नाही. तो इतका भुकेला आहे की त्याला पदार्थाचं नाव सुचत नाही. तो नुसता म्हणतो, ते तांबडं, ते तांबडं दे. पंधरा दिवसांनी घोटीजवळच्या एका वाडीत मी पेटीला बसलो होतो. दाविदने एसाव उभा केला तो भाताच्या आवणीवरून आलेला गडी. गुडघ्यापर्यंत चिखल, सकाळपासून पोटात काही नाही. चुलीवरच्या भांड्याकडे बोट दाखवून तो नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "ते तांबडं... ते तांबडं दे." पुढे बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कसल्या भुकेबद्दल तो बोलतो आहे हे त्यांना कोणी समजावून द्यायला नको होतं. आणि तो माझ्याकडे वळला. "काय पंडित, बरोबर?"

माझी मान हलेना. त्याला सगळं ठाऊक आहे आणि तो मला सर्वांदेखत याकोब म्हणतो आहे, असं मला वाटलं. पेटीचा भाता तसाच ओढत राहिलो. वर त्याचा हेवाही वाटत होता. ते हिब्रू मी एक वर्ष रात्रंदिवस पाठ केलं होतं, मला त्यात फक्त व्याकरण दिसलं होतं, आणि हा ते एका सुट्टीत घेऊन गेला. त्यानंतर मी काही ना काही सबब सांगून पेटीला जाणं बंद केलं. पदवी घेऊन परत आलो, शाळा सांभाळून मोठ्या चर्चमध्ये प्रवचनं करू लागलो. लोक ऐकतात. कोणी डोळ्यांना पदर लावत नाही. दाविद नाशिकला आला की मागच्या बाकावर बसायचा, आणि बाहेर पडताना म्हणायचा, "आज फार छान समजावून सांगितलंस." मला वाटे, टोमणा मारतो.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी मी घोटीकडे गेलो. सगुणाबाई ओसरीवर बसल्या होत्या. चहा झाला. मी म्हणालो, "वहिनी, तो तेव्हा कॉलेजला गेला असता तर आज असा आडगावात, औषधावाचून... मीच त्याला नको म्हणालो होतो."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "त्यांची तर तयारी झाली होती. भद्रकालीच्या बाजारातून ट्रंक आणली होती, पेंटरकडून वर नाव घालून घेतलं होतं. दोन दिवस घरात तिच्याभोवतीच घुटमळत होते. मग म्हणाले, शांतवनला एकदा विचारून येतो. आले ते म्हणाले, नाही जायचं. मी भांडले हो. म्हटलं, त्या भावजींना स्वतःला जायचंय, म्हणून सांगतात. तर म्हणाले, असंल. पण तो मला ओळखतो, आणि त्याला माझ्याहून जास्त हवंय ते. त्यानं सांगितलं तेही बरोबरच सांगितलं." चहाचे कप उचलता उचलता त्यांनी विचारलं, "आहे का हो ती ट्रंक अजून?"

आहे म्हणालो.

ती माझ्या खाटेखाली असते. हिब्रूचे कोश, वह्या, पदवीचं भेंडोळं, सगळं तिच्यात. परवा ती बाहेर ओढली, उजेडात आणली आणि झाकणावरचा काळा रंग चाकूच्या टोकाने खरवडायला बसलो. वरचा थर सहज निघाला. खाली पेंटरने घातलेली पांढरी अक्षरं तशीच्या तशी होती. 'दावि' एवढं दिसलं आणि माझा हात थांबला. इतकी वर्षं मी सगळीकडे सांगत आलो की माझ्या नशिबात होतं म्हणून गेलो. तो माझ्याआधी निघाला होता, आणि मला वाट देताना आपलं नाव स्वतःच्या हाताने पुसून आला होता, मला लाज वाटू नये म्हणून. एवढं मोठं मन मला कुठल्या कॉलेजात मिळालं असतं? त्याचाही मला हेवा वाटतो, आणि हा हेवा काही जाणार नाही.

गेल्या रविवारी मी प्रवचनाला याकोब आणि एसाव घेतले. ते तांबडं या शब्दांपाशी आलो आणि नकळत थांबलो. दाविद बसायचा त्या मागच्या बाकाकडे पाहिलं. लोक वाट बघत होते, मास्तरांना पुढचं आठवेना असं त्यांना वाटलं असेल. त्या वाडीत हलली नव्हती ती मान मी हलवली आणि पुढे बोलू लागलो.