सतरा नंबरचे नऊ ड्रॉप

“नऊ?” ग्रेगनं विचारलं.

“नऊ,” मी म्हणाले. “पाच सामन्यांत नऊ ड्रॉप.”

“कॉलेजात हा पोरगा त्याच्या हातांसाठीच प्रसिद्ध होता. तुम्ही नक्की सांगताय?”

सोमवारची सकाळ होती. मी सिंगापूरला, बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात. ग्रेग अमेरिकेत, त्याच्याकडे अजून रविवारच चालू होता. तिथल्या एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल टीमचा तो अ‍ॅनालिस्ट, म्हणजे आमचा क्लायंट. टीमचं नाव करारामुळे सांगता येत नाही.

‘नक्की का’ हा प्रश्न मला झोंबतो. लग्नाआधी पुण्यात मी क्रिकेटची स्कोअरर होते, रीतसर परीक्षा पास झालेली. माझ्या बेरजेवर बोट ठेवायची कुणाची टाप नव्हती. मी ग्रेगला म्हणाले, “सगळ्या क्लिप पाठवते. स्वतःच बघा.”

आमचं काम थोडक्यात सांगते. सामना झाला की त्याचा व्हिडिओ आमच्याकडे येतो. आम्ही तो थांबवत थांबवत बघतो आणि प्रत्येक खेळीला लेबलं लावतो. कोण कुठे उभा होता, कुठे पळाला, चेंडू आला का, झेलला का. याला टॅगिंग म्हणतात. अमेरिका झोपते तेव्हा आम्ही जागे असतो, म्हणून हे काम आमच्याकडे. मंगळवारी संध्याकाळी सातला रिपोर्ट गेला की तिकडे सकाळी कॉफीबरोबर तो वाचला जातो.

रिपोर्टच्या शेवटी एक पान असतं, एक्स्पेक्टेशन शीट. या खेळाडूकडून या मोसमात किती अपेक्षा ठेवावी, त्याचा अंदाज. या वेळी सगळ्यांचं लक्ष होतं टीमच्या रूकी वाइड रिसीव्हरकडे. रूकी म्हणजे पहिल्याच वर्षाचा खेळाडू. वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहणारा, खेळ सुरू झाला की सुसाट पळत सुटणारा आणि लांबून फेकलेला चेंडू झेलणारा. त्याचा नंबर सतरा. हातात आलेला चेंडू सुटला की तो ड्रॉप. आमच्या शीटवर सतराचा अंदाज दर आठवड्याला खाली येत होता.

“क्लिप लवकर पाठवा,” ग्रेग म्हणाला. “कोच त्याला पुढच्या रविवारच्या यादीतून काढायचं म्हणतायत. रूकी एकदा बाहेर बसला की परत आत यायला फार वेळ लागतो. काहींना येताच येत नाही.”

फोन ठेवून मी नऊ क्लिप काढल्या. तुलनेसाठी टीममधल्या चौऱ्याऐंशी नंबरच्याही घेतल्या. हा जुना, अनुभवी रिसीव्हर. पाच सामन्यांत त्याचा ड्रॉप फक्त एक. ग्रेगला दाखवायचं होतं की माझ्या लेबलांत भेदभाव नाही.

पहिली क्लिप लावली. चेंडू सतराच्या डोक्यावरून चालला होता. त्यानं उडी मारली, दोन बोटं लागली, चेंडू पडला. ड्रॉप. दुसरीत चेंडू पाठीमागे आला होता. त्यानं पळता पळता अंग पिळवटून हात मागे नेला, चेंडू तळव्याला लागून सुटला. ड्रॉप. मग सहज चौऱ्याऐंशीची एक क्लिप लावली. तसाच चेंडू, तसाच मागे आलेला. चौऱ्याऐंशीनं हात उचललाच नाही. चेंडू गेला तो गेला. त्याच्या नावावर काहीच नाही.

मी दोन्ही क्लिप शेजारी शेजारी लावल्या आणि पुन्हा बघितल्या. मग लेबलं कशी लावायची त्याच्या नियमांचं आमचं मॅन्युअल उघडलं.

क्लायंटच्या व्याख्येत एकच ओळ होती, झेलता येण्यासारखा चेंडू सुटला तर ड्रॉप. तिच्यावरून आमचं मॅन्युअल मी लिहिलं होतं. लिहिताना मी मैदानावरची मराठी बाई झाले होते. आपल्याकडे फिल्डरच्या हाताला चेंडू लागला आणि खाली पडला की अख्खं मैदान म्हणतं, कॅच सोडला. मग त्यानं दहा पावलं पळून झेप का घेतलेली असेना. मी लिहिलं, हाताला लागला आणि सुटला, तो ड्रॉप. ड्रॉपचा कॉलम याच मोसमात सुरू झाला होता, त्यामुळे आत्तापर्यंत कुणाला खटकलं नव्हतं.

शेजारी हाफिज बसतो. टॅगिंगमध्ये माझ्याखालोखाल सीनियर, शाळेपासूनचा आपल्या नेहमीच्या फुटबॉलचा गोलकीपर. त्याला क्लिप दाखवल्या.

“कीपर डाइव्हच मारत नाही, तर मिस्टेक कुठून होणार?” तो इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. “नुसतं उभं राहायचं आणि सॅड फेस करायचा. व्हेरी सेफ, लाह.”

आपल्याकडेही म्हणतात, काम करणाराच चुकतो. हे वाक्य मी आयुष्यात शंभरदा ऐकलं असेल. मॅन्युअल लिहिताना एकदाही आठवलं नाही.

आमची बॉस सिरीन. ती चिडली की तिची वाक्यं आखूड होतात. मी सगळं सांगितलं.

“यू शुअर?”

“शुअर.”

“मॅन्युअल कुणाचं?”

“माझं.”

ती म्हणाली, “या आठवड्यापासून नवी व्याख्या लावा. मागचं मागे राहू दे. कोण उकरणार आहे?”

“मागचे नऊ बघूनच त्याला यादीतून काढतायत.”

“कोच स्वतः व्हिडिओ बघतात, वृषाली. नुसत्या आपल्या आकड्यावर कोणी टीम निवडत नाही.”

“व्हिडिओ बघतात, पण आकडा आधी बघतात. एकदा नऊ वाचलं की डोळ्यांना पण नऊच दिसतात. मलाही तेच दिसत होते.”

क्लायंट गेला तर पहिला जाब सिरीनला द्यावा लागणार होता. मी राग धरला नाही, पण उठलेही नाही.

“कॅन,” ती शेवटी म्हणाली. इथे त्याचा अर्थ ‘चालेल’. “पण फोन तू करायचा. आणि उद्या सातच्या आत सगळं परत तपासलेलं पाहिजे.”

ग्रेगला फोन केला. मी म्हणाले, “चूक आमची आहे. माझी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त शीट देते. तोपर्यंत यादी थांबवता येईल का?” तो म्हणाला, “प्रयत्न करतो. प्रॉमिस नाही.”

संध्याकाळी घरी चोआ चू कांगला जाताना MRT मध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, मला आश्लेषा आठवली. आमच्या क्लबच्या टीममध्ये कव्हरला उभी राहायची. चेंडू कुठेही जावो, ही झेप घेणारच. सुटलेल्या कॅचची नोंद स्कोअरबुकात नसते, पण मी हौसेनं समासात टिंबं द्यायचे. सगळ्यात जास्त टिंबं आश्लेषाची. एकदा कॅप्टननं वही मागितली आणि मी अभिमानानं दिली. पुढच्या सामन्यात आश्लेषा बाहेर होती. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी गाडीत मात्र मनाला फार लागलं. जुरोंग ईस्टला गाडी बदलायची तर मी बसूनच राहिले, दोन स्टेशनं पुढे गेले.

मंगळवारी हाफिज आणि मी पाचही सामन्यांतले न झेललेले सगळे चेंडू पुन्हा बघितले. वेगवेगळे बसून, एकमेकांना न विचारता. जिथे मतभेद झाला तिथे सिरीनला बोलावलं. तिला हा खेळ कळत नाही, म्हणून ती नियम विचारायची नाही, सरळ विचारायची, “दुसरा कोणी असता तर पोचला असता का?” त्या एका प्रश्नानं निम्मे वाद मिटले.

सतराचे नऊ होते, ते दोन झाले. चौऱ्याऐंशीचा एक होता, तो एकच राहिला. सातला दहा मिनिटं असताना शीट गेली. सोबत नऊच्या नऊ क्लिप आणि माझ्या नावानं माफी.

दोन दिवस उत्तर नाही. मी उगाच मेल उघडत होते. गुरुवारी ग्रेगची एक ओळ आली, ‘यादीत आहे. पुढच्या वेळी व्याख्या आधी आम्हाला दाखवा.’ सिरीननं ती दोनदा वाचली आणि माझ्यासाठी खालून कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, घेऊन आली.

पुढच्या सोमवारी नवा व्हिडिओ आला. सतराकडे तीन चेंडू फेकले गेले. पहिला त्यानं सरळ झेलला. दुसरा फार उंच होता, त्यानं उडी मारली, बोटं लागली, पडला. माझं बोट सवयीनं ड्रॉपच्या बटणावर गेलं. मी ते उचललं आणि ‘झेलण्यासारखा नव्हता’ हे दाबलं. तिसराही तितकाच उंच होता. मागच्या चेंडूला काय झालं हे विसरल्यासारखा तो पुन्हा तसाच उडाला, आणि या वेळी चेंडू घेऊनच खाली आला. हाफिजनं टेबलावर थाप मारली. मी शीटवर सतराचा अंदाज वर नेला. किती, ते दोनदा तपासून.

आता मॅन्युअलची पहिली ओळ सिरीनचा प्रश्न आहे. नवीन येणाऱ्याकडून मी तो पाठ करून घेते. धडा एवढाच, की चुका मोजायच्या तर आधी कोण किती पोचलं ते मोजावं. नाही तर हात खिशात घालून उभा असलेला माणूस नेहमी पहिला येतो.

आश्लेषा हल्ली नाशिकला मुलींना फिल्डिंग शिकवते असं कळलं. नंबर मिळवलाय. रविवारी फोन करणार आहे. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलंय, आणि पहिलंच वाक्य आहे, ‘ती टिंबं माझी होती.’